पुढे दोनशे किलोमीटर सरळ

रिसालीहून गाडीने नागपूरला निघालं की सगळी वळणं पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत संपतात. भिलाईच्या मैत्री बागेपासून जवळच असलेल्या रिसालीची आता स्वतंत्र महानगरपालिका झाली आहे. पण तिथले रस्ते अजून भिलाई टाउनशिपच्या शिस्तीतले आहेत. सेक्टर, अव्हेन्यू, चौक आणि पुन्हा सेक्टर. मोबाइलवरचा नकाशा इथे अखंड बोलत असतो. डावीकडे वळा, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा, चौकात दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडा. मग नेहरूनगर चौकात गाडी जी. ई. रोडला लागते, दुर्गचा बायपास सुरू होतो आणि नकाशा शेवटचं एक वाक्य बोलतो : सरळ जात राहा. पडद्यावर अंतराचा आकडा दिसतो, दोनशेच्या वरचा. त्यानंतर आवाज थांबतो. कुठे एखाद्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी ‘उजव्या बाजूला राहा’ एवढं ऐकू येतं, बाकी नागपूर जवळ येईपर्यंत शांतता.

भिलाईतल्या मराठी घरांना ही शांतता चांगली ठाऊक आहे. पोलाद कारखान्यात नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीची मुळं नागपूर, वर्धा, अमरावती, भंडाऱ्याकडची आणि तिसऱ्या पिढीतली मुलं पुण्यात. त्यामुळे दिवाळी, लग्न, बारसं, आजारपण, काहीही असलं तरी गाडी याच रस्त्याला लागते. निघाल्यापासून पोचेपर्यंत घरून फोन चालू असतात.

‘कुठवर आलात?’

‘देवरी सोडली, मामा.’

‘मग साकोलीला चहा घ्या. आणि भंडारा आलं की एक फोन करा.’

नकाशाने एका वाक्यात गुंडाळून टाकलेलं अंतर मामा फोनवर पुन्हा उलगडतात. देवरी, साकोली, भंडारा. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, की हे उलगडणं ही जुन्या माणसांची नुसती सवय नव्हे. सरळ रस्त्यावर माणसाला जागं ठेवणारी ती गोष्ट आहे, आणि आपल्या नकाशांतून व आपल्या नव्या रस्त्यांवरून तीच नाहीशी होत चालली आहे.

नकाशा गप्प का होतो, हे आधी पाहू. आकाशातले उपग्रह वाट दाखवत नाहीत. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून ते आपली वेळ आणि आपली जागा सांगत राहतात. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो आणि ते पोचायला लागलेल्या वेळावरून स्वतःचं ठिकाण काढतो. २ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे हे ठिकाण शंभरेक मीटर इकडेतिकडे होई. ती मिसळ बंद झाली आणि उघड्या आकाशाखाली चूक काही मीटरांवर आली. गाडीत वापरण्याजोगं हे यंत्र झालं ते तेव्हापासून. त्याला मोबाइलचं नेटवर्कही लागत नाही. बाघनदी ते देवरीच्या जंगलात जिथे फोनची रेंज जाते तिथेही निळा ठिपका पुढे सरकत राहतो. थांबते ती फक्त वाहतुकीची ताजी खबर.

वाट दाखवण्याचं काम नकाशाच्या गणिताचं. त्या गणितात रस्ता म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे छोटे तुकडे. राष्ट्रीय महामार्ग ५३ चा भिलाई-नागपूर भागही अशाच असंख्य तुकड्यांचा बनलेला आहे. संगणक एकेक तुकडा तपासत पुढे जातो. रस्त्याचं नाव बदललं का? दिशा ठळकपणे बदलली का? चालक चुकेल असा फाटा आहे का? यांतलं काहीच नसेल तर तो पुढचा तुकडा मागच्यात मिसळून टाकतो. मिसळत मिसळत दोनशे किलोमीटरचं एक वाक्य तयार होतं. देवरीचा आमगावला जाणारा फाटा, कोहमाऱ्याचा गोंदियाला जाणारा फाटा, साकोलीचा लाखांदूरकडचा रस्ता हे सगळे या मिसळण्यात पुसले जातात, कारण आपल्याला तिकडे वळायचंच नसतं. निवड करायची असेल तिथेच माणसाला आवाजाची गरज असते, असं गृहीत धरून हे गणित रचलेलं आहे. शहरात ते बरोबर ठरतं. मोकळ्या महामार्गावर ते अपुरं पडतं, कारण तिथे चालकापुढचा प्रश्न वाटेचा नसतोच, लक्ष टिकवण्याचा असतो.

या शांततेचे छोटे त्रासही आहेत. बराच वेळ आवाज आला नाही की अॅप बंद पडलं की काय, अशी शंका येते आणि चालक भर वेगात पडद्याकडे पाहतो. शिवाय ते काही मीटरांचं अंतर कधी कधी नडतं. महामार्ग आणि त्याच्या कडेचा सर्व्हिस रोड यांच्यात तेवढंच अंतर असतं, आणि पुलावरची व पुलाखालची वाट तर नकाशावर एकावर एकच पडते. रायपूरच्या दिशेने सुपेला, पॉवर हाउसचे उड्डाणपूल ओलांडताना बाण खालच्या रस्त्यावर उडी मारतो आणि इतका वेळ गप्प असलेला आवाज एकदम ‘यू-टर्न घ्या’ म्हणतो. ज्याला रस्ता पाठ आहे तो ऐकून सोडून देतो. नवखा माणूस ब्रेक दाबतो.

आता त्या दोनशे किलोमीटरच्या एका वाक्यात काय काय दडलं आहे, ते पाहायला हवं.

दुर्ग मागे पडतं तोच शिवनाथ नदी येते. ही महानदीची मोठी उपनदी. तिचं पाणी छत्तीसगडचं मैदान ओलांडून ओडिशात जातं. पुढे अंजोरा, टेडेसरा, मग राजनांदगाव. शहरावरून जाणाऱ्या उड्डाणपुलामुळे ते आता खाली राहून जातं. राजनांदगावनंतर जमीन हळूहळू उठते, शेतं आखडतात, साग आणि मिश्र झाडी सुरू होते. चिचोला जातं आणि बाघनदी येते. नदीचं नाव तेच गावाचं, आणि राज्याची हद्दही तिथेच. या बाघनदीचं पाणी वैनगंगेला मिळतं, वैनगंगेचं प्राणहितेतून गोदावरीला. म्हणजे शिवनाथच्या पुलापासून बाघनदीच्या पुलापर्यंतच्या तासाभरात आपण महानदीचं खोरं सोडून गोदावरीच्या खोऱ्यात शिरलेलो असतो. देशातल्या दोन मोठ्या नद्यांमधला जलविभाजक ओलांडूनही रस्त्यावर त्याची एक पाटी नाही आणि नकाशात एक शब्द नाही. मला याची खरोखर खंत वाटते. शाळेच्या भूगोलात ज्या गोष्टीसाठी पानभर आकृती काढावी लागते, ती इथे गाडीच्या चाकांखालून जाते.

नवरात्रात हाच रस्ता वेगळा होतो. भिलाई-दुर्गहून डोंगरगडच्या बम्लेश्वरीला हजारो माणसं पायी निघतात. तरुण, बायका, कडेवर मुलं घेतलेले बाप, रात्रीच्या गारव्यात चालणारे जथे. वाटेवर सेवेचे मांडव पडतात, चहा, फराळ, पाय शेकायला गरम पाणी. रस्त्याची एक बाजू चालणाऱ्यांसाठी राखली जाते. नकाशात मात्र तेव्हाही वाक्य तेच राहतं, फार तर निळी रेघ नारिंगी होते. पावसाळ्यात वेगळं संकट असतं. शेतं ओली झाली की गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि रात्री हेडलाइटच्या झोतात ती शेवटच्या क्षणी दिसतात. छत्तीसगड सरकारने २०२० मध्ये ‘रोका-छेका’ मोहीम काढली ती मोकाट गुरांसाठीच. महामार्गांवर मरणाऱ्या गुरांची दखल बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही स्वतःहून घेतली. आणि दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी सुरू झाली की हद्दीच्या दोन्ही बाजूंना भाऱ्यांनी लादलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टीही नाही. दर वर्षी ठरल्या महिन्यांत घडणाऱ्या या गोष्टी आहेत, म्हणून त्या आधी सांगता येण्याजोग्या आहेत.

बाघनदीनंतर पाट्या मराठी होतात आणि देवरीनंतर रस्ता नवेगाव व नागझिरा या जंगलांच्या मधल्या पट्ट्यात शिरतो. २०१३ मध्ये या दोन्ही जंगलांचा मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट, रानगवे इथून तिथे जायचे तर त्यांना हा महामार्ग ओलांडावा लागतो. चौपदरीकरणाचं काम याच प्रश्नावर बरीच वर्षं अडलं आणि मग प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच वर उचलला गेला. वरून जाणाऱ्याला तो एक साधा पूल वाटतो. साकोलीच्या अलीकडे चुलबंद नदी, आणि आजूबाजूला भंडारा-गोंदियाचे जुने मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, धानाला पाणी देणारे. दिवाळीनंतर याच मुलखात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि रात्र रात्र रंगतात. मग लाखनी. मग भंडारा आणि वैनगंगेचं रुंद पात्र. मौद्याजवळ कन्हान. तिथून नागपूर हाकेच्या अंतरावर.

या दिशेला मराठी माणूस आजकालच जायला लागला असंही नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने भास्कर राम यांच्या नेतृत्वाखाली रतनपूर घेतलं. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तिथेच राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. घोड्यावरून, पायी, मजल दरमजल करत जायचं तर प्रत्येक मुक्कामाचं नाव, तिथलं पाणी, तिथला उतार माहीत असावा लागे. इंग्रजी अमदानीत, १९ व्या शतकात, नागपूरहून पूर्वेला रायपूरकडे ग्रेट ईस्टर्न रोड बांधला गेला. जी. ई. रोड हे नाव भिलाई-दुर्ग-रायपूरच्या दुकानांच्या पाट्यांवर अजून आहे. स्वातंत्र्यानंतर त्याचा राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमवारीत ५३. पश्चिमेला गुजरातमधलं हाजिरा, पूर्वेला ओडिशातलं पारादीप. नागपूरच्या झीरो माइलच्या खांबावर आसपासच्या शहरांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत, त्यांत पूर्वेच्या या वाटेचाही आकडा आहे. तिथेही एकच आकडा आहे, हे खरं. पण त्या काळी तो वाचून निघणाऱ्याला वाटेत प्रत्येक मैलाचा दगड भेटणार होता. आजही नियमाप्रमाणे महामार्गावर दर किलोमीटरला पिवळ्या माथ्याचा दगड आणि दर दोनशे मीटरला एक छोटा दगड असतो. सरळ रस्ता तुकड्यांत मोजून द्यायची ही जुनी, शहाणी पद्धत. वेग वाढला आणि ते दगड डोळ्यांना दिसेनासे झाले.

सरळ रस्त्यावर माणसाचं काय होतं, हे शास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी १९२९ मध्येच उघड्या डोळ्यांनी लागणाऱ्या झोपेवर लिहिलं होतं. १९६३ मध्ये जी. डब्ल्यू. विल्यम्स यांनी ‘हायवे हिप्नॉसिस’ या नावाखाली त्याची मांडणी केली, आणि महामार्ग-संमोहन हा शब्द आता मराठी वृत्तपत्रांतही रुळला आहे. डोळ्यांसमोर तेच डांबर, तीच पांढरी रेघ, कानात इंजिनाचा एकसुरी आवाज. नवं काही येत नाही तेव्हा मेंदू हात-पाय सवयीवर सोडतो. गाडी लेनमध्ये चालत राहते, वेग कायम राहतो, पण मागची दहा मिनिटं आठवू म्हटलं तर आठवत नाहीत. त्यातच थकवा असेल तर काही सेकंदांची डुलकी लागते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात एका सेकंदाला गाडी सुमारे २८ मीटर जाते. चार सेकंदांत शंभर मीटरच्या वर. तेवढ्या अंतरात पुढचा ट्रक थांबलेला असू शकतो, गाय बसलेली असू शकते.

रस्ते आखणाऱ्यांनाही हे माहीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकात म्हटलं आहे की तीन किलोमीटरपेक्षा लांब सलग सरळ भाग शक्यतो टाळावेत; लांब, हलकी वळणं सुरक्षित असतात आणि डोळ्यांनाही बरी वाटतात. जर्मनीत सरळ भागाची कमाल लांबी वेगावर ठरवली गेली. ताशी १०० किलोमीटरच्या रस्त्यावर दोन किलोमीटर. म्हणजे वळण ही अडचण असते असं मुळीच नाही. नीट आखलेलं वळण चालकाच्या हाताला काम देतं.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला तो समृद्धी महामार्गामुळे. रिसालीहून पुण्याला निघालेली गाडी बहुधा नागपूरच्या दक्षिणेला शिवमडक्याला समृद्धीवर चढते, आणि तिथे नकाशा पुन्हा शेकड्यांतला आकडा दाखवून गप्प होतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ रोजी. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, गावं नाहीत, सिग्नल नाहीत, समोरून येणारी गाडी नाही. सुरुवातीच्या महिन्यांत पंप, चहाचं ठिकाण, स्वच्छतागृह यांचीही वानवा होती. म्हणजे थांबावं असं वाटलं तरी थांबायला जागा नव्हती. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि २५ माणसं गेली. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन विभागाच्या पाहणीत तसा पुरावा आढळला नाही. त्या एका अपघाताचं कारण मी इथे ठरवत नाही. पण नागपूरच्या व्हीएनआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी समृद्धीवरच्या अपघातांचा विचार करताना महामार्ग-संमोहनाकडे स्पष्ट बोट दाखवलं आणि मग रस्त्यावर रंगीत झेंडे, कंप देणारे पट्टे, सूचनाफलक असे उपाय दिसू लागले. हे उपाय म्हणजे वेगळ्या रूपात मामांचा फोनच आहे. सलग अंतरात काहीतरी घडवून आणायचं.

समृद्धीवर जायचं नसेल तर नागपूरहून ५३ क्रमांकाचाच रस्ता पुढे अमरावती, अकोल्याला जातो. याच रस्त्यावर २०२२ च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ७५ किलोमीटरची सलग डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा, २५ किलोमीटरच्या आसपासचा. रात्रंदिवस राबलेल्या त्या कामगारांचं आणि अभियंत्यांचं कौतुक आहेच. मात्र सलगपणाचा विक्रम करणाऱ्या आपल्या यंत्रणेने त्या सलगपणावरून गाडी नेणाऱ्या माणसाची झोपही तेवढ्याच ताकदीने मनावर घ्यावी, असं मला वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या नलरबॉर पठारावर बॅलडोनिया आणि कैगुना यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. तिथे तशी मोठी पाटीच लावलेली आहे. सरळ भाग सुरू होतो आहे, हे चालकाला आधी सांगितलं जातं. २००९ मध्ये त्या महामार्गाच्या काठाने अठरा खड्ड्यांचं गोल्फचं मैदान सुरू केलं गेलं, १३६५ किलोमीटर लांब. प्रत्येक गावात, प्रत्येक पंपावर एक-दोन खड्डे. प्रवाशाने दर काही तासांनी उतरावं, चार पावलं चालावं, चेंडू मारावा आणि मग पुढे जावं. आपल्याला गोल्फ नको; साकोलीचा चहा पुरे. पण तिथल्या लोकांनी थांबण्याला रस्त्याच्या रचनेत जागा दिली, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

भिलाईकराला या विषयात इतरांपेक्षा जास्त अधिकाराने बोलता येतं, कारण सरळ रेघ ही आमच्या गावाची निर्मिती आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि १९६० पासून इथे रेल्वेचे रूळ बनतात. आता १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि जोडून २६० मीटरचे पट्टे रवाना होतात. पूर्वी रूळ आखूड असायचे, जोडावर फट असायची आणि गाडीची ती ओळखीची खडखड ऐकू यायची. रूळ जोडले गेले तसा तो आवाज विरला. प्रवाशाची झोप सुधारली, पण इंजिनात बसलेल्या माणसालाही झोप येऊ शकते, हे रेल्वेने फार आधी मान्य केलं होतं. म्हणून इंजिनात दक्षता यंत्र असतं. मिनिटभर चालकाने कोणतीही हालचाल केली नाही, म्हणजे वेग बदलला नाही, भोंगा वाजवला नाही, बटण दाबलं नाही, तर दिवा लागतो आणि आवाज होतो. त्यालाही उत्तर मिळालं नाही तर ब्रेक आपोआप लागतात.

त्याहून जुनी आणि मला जास्त मोलाची वाटणारी पद्धत आहे सिग्नल पुकारण्याची. लोको पायलट आणि त्याचा सहायक येणाऱ्या प्रत्येक सिग्नलचा रंग हात करून, मोठ्याने एकमेकांना सांगतात. चरोद्याच्या भिलाई मार्शलिंग यार्डातून निघणाऱ्या मालगाडीवरही हे चालतं. सिग्नल हिरवा असला, म्हणजे ‘सरळ जा’ एवढाच त्याचा अर्थ असला, तरी तो उच्चारायचाच. जपानमध्ये बोट दाखवून मोठ्याने उच्चारण्याची हीच रीत आहे, आणि तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगात तिच्यामुळे चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. रेल्वेच्या चालकाला तर वळायचंच नसतं. त्याला वाट निवडायची मुभाच नाही. तरीही त्याच्याशी सर्वांत जास्त बोललं जातं. जे गणित आमच्या फोनमध्ये बसवलं आहे ते नेमकं उलटं आहे.

ट्रकच्या केबिनमध्येही कधीकाळी ही व्यवस्था होती. क्लीनर शेजारी बसायचा, डावी बाजू मोकळी आहे का ते ओरडून सांगायचा, टायरवर हात मारून पाहायचा आणि रात्रभर काहीबाही बोलत राहायचा. खर्च वाचवायला आता कितीतरी गाड्या एकट्या चालकावर धावतात. पोलादाच्या कॉइल आणि प्लेटा लादलेला ट्रेलर, चाळीस टनांच्या घरातलं वजन, आणि सोबतीला फक्त फोनमधला गप्प आवाज. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. भिलाईहून नागपूर ही तशी पाच तासांच्या आतली वाट. पण लोडेड ट्रक नागपूरला थांबत नाही, तो पुण्या-मुंबईला निघालेला असतो.

सरळपणावरचा विश्वास दुसऱ्या बाजूनेही घात करतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये याच जी. ई. रोडवर कुम्हारीच्या अपूर्ण उड्डाणपुलावरून मोटारसायकलसह कोसळून एक दांपत्य गेलं. सोबतची मुलगी वाचली. तिथे नकाशाचा संबंध नव्हता. पुढे रस्ता तुटला आहे हे सांगणारा धड अडथळाच नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी पडून तिघे मृत्युमुखी पडले, तेव्हा मात्र ते नकाशा पाहत चालले होते आणि नकाशात पूल अखंड होता. दोन्हीकडे रेघ सरळ होती, आणि ती खरोखर तशी आहे का हे कोणी तपासलं नव्हतं.

मग आपण काय करायचं? फोनमध्ये ‘नागपूर’ एवढंच टाकू नये. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असे थांबे घालावेत. मग तोच गप्प नकाशा दर तासाभराने बोलतो, आणि पुढचं अंतर पन्नास-साठ किलोमीटरांत दिसतं. शेजारी बसणाऱ्याने झोपू नये. नदी आली की नाव सांगावं, फाटा आला की कुठे जातो ते विचारावं. मुलांना हे काम फार आवडतं. दोन तासांनी खाली उतरावं, तहान-भूक नसली तरी. आणि नागपूरच्या पंचवीस-तीस किलोमीटर आधी, मौदा आलं की, पुढची वळणं थांबून एकदा पाहून घ्यावीत. साडेतीन तास न बोललेला आवाज तिथे एकदम बोलायला लागतो. बाहेरचा रिंग रोड, पारडीचा उड्डाणपूल, डावीकडे राहा, उजवीकडे राहा. संमोहनातून नुकता बाहेर येणारा मेंदू एवढ्या सूचना एका दमात घेऊ शकत नाही आणि चुकलेली माणसं तिथेच लेन तोडून गाडी वळवतात.

नकाशा बनवणाऱ्यांकडेही मागणं आहे, आणि ते अवघड नाही. २०२१ पासून सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या नकाशात गावांची नावं मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिपींत दिसतात. नद्या, राज्यांच्या हद्दी, अभयारण्यं, पंप, सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं आहे. ‘शिवनाथ नदी’, ‘आता महाराष्ट्रात’, ‘पुढे जंगलाचा पट्टा, वेग कमी ठेवा’, ‘दोन तास झाले, थांबा’ एवढं बोलायला नवा उपग्रह लागत नाही. ज्याला नको असेल त्याने बंद करावं.

आता दुर्ग-रायपूर-आरंग हा ९२ किलोमीटरचा नवा सहापदरी रस्ता होतो आहे. टेडेसऱ्याच्या बाजूला जी. ई. रोड सोडून तो भिलाई आणि रायपूर दोन्ही टाळून आरंगला निघेल. नागपूरहून ओडिशाकडे जाणाऱ्या ट्रकला मग ना नेहरूनगर चौक लागेल, ना सुपेला, ना कुम्हारी. शहरांचा धूर आणि गर्दी कमी होईल, हे चांगलंच आहे. पण महाराष्ट्राच्या हद्दीपासून आरंगपर्यंत नकाशाचं वाक्य आणखी लांब होईल. या रस्त्याला शिवनाथ ओलांडावी लागेल, खारून ओलांडावी लागेल. त्या पुलांच्या दोन्ही टोकांना नदीचं नाव दुरून वाचता येईल अशा अक्षरांत हवं, दर पन्नास किलोमीटरच्या आत ट्रक लावून अर्धा तास पडता येईल अशी सावलीची जागा हवी, आणि ती रस्ता खुला होईल त्याच दिवशी हवी. समृद्धीवर ती मागाहून आली.